दारात भरलेला कापूस

दारात हात घातला आणि हाताला काहीतरी मऊ लागलं.

गाडीच्या दारात मऊ काही नसतं. पत्रा असतो, काच वरखाली करणारी लोखंडी कैची असते, वायरी असतात आणि धूळ असते. एकदा पाल निघाली होती, पण ती हात लागायच्या आधीच पळाली. हे मात्र जागचं हललं नाही. हात बाहेर काढला तर बोटं काळी. नाकाशी नेली. जळक्या कापडाचा वास.

"काय सापडलं रे?" रामेश्वरकाकांनी विचारलं.

"पाहतो, काका," मी म्हणालो आणि बोटं पॅन्टला पुसली.

रामेश्वरकाका वडनेर भोलजीचे. घरची शेती, आणि चौदा वर्षांची पांढरी गाडी. गाडीत गाणं लागलं नाही की काकांना गाडी चालवताना पेंग येते, आणि काकांना पेंग आली की शेजारी बसलेल्या काकू देवाचा धावा करतात. म्हणून स्पीकर हा त्यांच्या घरी चैनीचा विषय नव्हता. सकाळी नऊलाच ते नांदुऱ्याला माझ्या दुकानी आले होते. "एक स्पीकर मुका झाला, अन एक बोबडा. दोघाले बोलतं कर."

बावीस वर्षं मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. टेप, स्पीकर, सेंट्रल लॉक, हॉर्न, लाइट. दारातला स्पीकर तपासायची सोपी रीत अशी, की घड्याळाचा सेल घ्यायचा आणि स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. स्पीकर जिवंत असेल तर 'खर्र' करतो. डाव्या दाराचा खर्र करत होता, पण घासल्यासारखा. म्हणजे आत गंज. उजव्या दाराचा काहीच बोलला नाही. उजवं दार म्हणजे ड्रायव्हरचं दार. मग मी त्याचा पॅनल काढला, म्हणजे आतल्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण. जुन्या गाडीत त्या पॅनलच्या चार क्लिपा तुटतातच, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं. पॅनल काढून हात आत घातला, तेव्हा ते मऊ लागलं.

काका चहा सांगायला टपरीकडे गेले, तसं मी ते ओढून बाहेर काढलं. मच्छरदाणीच्या कापडाची उशीएवढी पिशवी होती. आत कापूस. एका बाजूने पांढरा, मधे पिवळा, आणि वायरीच्या बाजूला तळहाताएवढा कोळसा. पिशवीचं तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं होतं, दुहेरी टाका मारून.

तो टाका मी ओळखला. माझ्या शेजारी, त्याच शेडमध्ये, दिगूभाऊचं सीट कव्हरचं दुकान आहे. लाल दोरा दिगूभाऊच्या मशीनचा होता. आणि कापूस त्या दारात मीच भरला होता.

आता हे काय प्रकरण ते सांगतो. सात वर्षांपूर्वी आमच्याकडे गाडीत बेस वाजवायची हौस आली होती. बेस म्हणजे छातीत धडकतो तो जाड आवाज. स्पीकर लाकडी डब्यात बसवला की आवाज गोल येतो, आणि त्या डब्यात सुतार लोक कापूस घालतात, म्हणजे आवाज आत घुमत नाही. हे मी पाहिलं होतं. माझ्या डोक्यात आलं, गाडीचं दार तरी काय आहे? पत्र्याचा डबाच की. डब्यात कापूस चालतो, तर दारात का नाही? दाराच्या पत्र्याला आतून चिकटवायच्या शीट बाजारात मिळायच्या, पण त्या महाग. कापूस आपल्याकडे कोणाच्या घरात नाही? मी गिऱ्हाइकाला सांगायचो, घरून दोन किलो घेऊन या. दिगूभाऊ पिशव्या शिवून द्यायचा. मी दारात दाबून बसवायचो. आणि खरं सांगतो, आवाज फार सुंदर यायचा. रामेश्वरकाकांनी तर आणताना निवडून, सरकी काढलेला कापूस आणला होता. "घरचा माल हाय," असं गावात सांगत फिरले होते.

त्या एका हंगामात मी पाच गाड्या अशा केल्या. मग ती हौस गेली आणि मीही विसरलो.

दिगूभाऊला हाक मारली. तो आला, पिशवी पाहिली, आणि त्याने आधी बाहेर कोण आहे का ते बघितलं.

"जळला कसा बे हा?"

तेच मी शोधत होतो. टॉर्च लावून दारात डोकं घातलं. काच वर चढवणाऱ्या मोटरची वायर पत्र्याला क्लिपने धरलेली असते, म्हणजे ती कैचीत येत नाही. माझ्या पिशवीने ती क्लिप ढकलून वायर कैचीवर नेली होती. काच वरखाली झाली की कैची वायरीला घासायची. घासून घासून वायरीवरचं प्लास्टिक गेलं, आतला तांबा उघडा पडला, आणि तो पत्र्याला टेकला की शॉर्ट.

पण शॉर्ट झालं तर फ्यूज उडायला पाहिजे. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी, करंट जास्त झाला की आपण जळते आणि बाकीचं वाचवते. फ्यूज उडाला असता तर वायर तापलीच नसती. मी स्टिअरिंगच्या खालचा फ्यूजचा डबा उघडला. पॉवर विंडोचा फ्यूज बाहेर ओढला. त्याच्या दोन्ही पायांना तांब्याची तार गुंडाळलेली होती, चांगली तीन-चार पदरी.

काका चहा घेऊन आले. मी फ्यूज त्यांना दाखवला.

"हाव, ते मी केलं," काका म्हणाले. "दिवाळीपासून फ्यूज सारखा उडे. मंग मी तार गुंडाळली. घरच्या बोर्डाले करतो तशी. काऊन, चुकलं काय?"

मी काळा कापूस दाखवला. काकांच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी कापसाला बोट लावलं, मग ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं, मग पुन्हा कापसाकडे.

"म्हंजे माह्या मांडीजवळ आग लागली होती?"

"लागत होती. दाबून भरलेला होता, हवा मिळाली नाही. म्हणून नुसता धुमसला."

"माह्यीच चूक," काका म्हणाले. "मले काय समजते त्यातलं, अन मी तार लावली. काकू बसते रे या गाडीत."

मी चूप बसलो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण बसलो. तार त्यांची होती हे खरं. पण तार लावायची पाळी माझ्या पिशवीमुळे आली होती, आणि जळायला कापूस मीच दिला होता. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी चहा प्यायलो.

दिगूभाऊने मला मशीनमागे ओढलं.

"तुह्या मनात काय चालू हाय ते मले समजते," तो हळू आवाजात म्हणाला. "गावभर सांगत फिरशील त उद्यापासून आपल्या दुकानी कोन येईन? काका स्वतःच म्हनून राह्यले त्यायची चूक. तू डाव्या दारातला काढ, नवे स्पीकर लाव, विषय संपव."

"अन बाकीच्या चार गाड्या?"

 मी गाडी दारावरून ओळखतो, दिगूभाऊ सीट कव्हरवरून. बोटं दुमडत त्याने आठवायला सुरुवात केली. "मरून कव्हरवाली भंगारात गेली, ते मी डोळ्यानं पाह्यलं. काळीवाली पलटली होती, तेबी भंगारात. चॉकलेटी माह्या साडूची." साडूला तिथल्या तिथे फोन लावला. साडू म्हणाला, कापसात उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं, तीन वर्षांपूर्वीच सगळं काढून टाकलं. मला तेवढ्यातही हसू आलं.

"पाचवी निळीवाली," दिगूभाऊ म्हणाला आणि थांबला. "पिंपळगाव राजाच्या संतोषची व्हॅन."

माझं हसू गेलं. संतोषची व्हॅन मला चांगली आठवत होती. जुनी आठ सीटची, गॅसकिटवाली, म्हणजे मागे गॅसची टाकी. तिच्या दारात मी नुसता कापूस भरला नव्हता, सेंट्रल लॉकही बसवला होता. त्या लॉकची वायर थेट बॅटरीवरून आणली होती. मधे फ्यूज टाकला होता की नाही, ते मला आठवेना. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. माझेच हात, माझंच काम, आणि आठवेना.

"तेव्हा तो भाडं मारायचा," मी म्हणालो. "आता काय करतो?"

"आता शाळेतले पोरं नेते."

मी संतोषला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. "ते फोन घरीच ठेवून जातात. पोरं गाडीत असले की फोन घ्याचा नाही, असं पालकायनं कबूल करून घेतलं ना. आता सकायची शाळा हाय, साडेअकराले सुटते. आनायले गेले."

मार्च महिना होता. दहा वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. माझी मोटरसायकल घरी होती. मी काकांकडे आलो आणि म्हणालो, "काका, मला पिंपळगाव राजाला जायचंय. आत्ता."

"मंग चाल ना. गाडी उभी हाय."

उजव्या दाराची उघडी वायर कापून मी टेप गुंडाळली, तार लावलेला फ्यूज खिशात टाकला आणि बसलो. दाराला पॅनल नव्हता. आतला गंजका पत्रा, भोकं, कैची, सगळं उघडं. खड्डा आला की दार भांड्यांच्या पोत्यासारखं वाजायचं. काका नेहमीप्रमाणे चाळीसच्या स्पीडने चालले होते. मी घड्याळ बघत होतो. रस्त्यात हरभऱ्याच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली आली, तिच्यामागे आम्ही कितीतरी वेळ अडकलो.  व्हॅनचं सरकतं दार आतून लवकर उघडत नाही, हे मला माहीत होतं. मीच तो लॉक तसा बसवला होता, चालत्या गाडीत कोणी दार उघडू नये म्हणून.

"एक सांग," काका म्हणाले. "तार मी माह्या गाडीले लावली. मंग तू त्या व्हॅनवाल्याकडे कायले पळून राह्यला?"

आता चहा नव्हता. मी सगळं सांगितलं. पिशवीने क्लिप ढकलली, वायर कैचीत गेली, म्हणून फ्यूज उडत होता. तार नसती लावली तरी मूळ दोष माझाच. आणि तसाच कापूस त्या व्हॅनच्या दारात आहे, गॅसच्या गाडीत.

 काकांनी हॉर्न दाबून धरला, आणि ट्रॉलीच्या बाजूने गाडी कच्च्यात उतरवून पुढे काढली. काकांना साठच्या वर गाडी चालवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

शाळेसमोर पोहोचलो तेव्हा पोरं व्हॅनमध्ये चढत होती. दोन पोरी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, दप्तरं मांडीवर घेऊन. संतोष चावी लावायच्या बेतात.

"संतोष, चालू करू नको. पोरं उतरव."

"काऊन शकीलभाऊ? काय झालं?"

"तुझ्या दारात माझा कापूस आहे. जळू शकतो. काकांच्या गाडीत जळला."

संतोषने आजूबाजूला पाहिलं. दोन-तीन पालक उभे होते, फाटकाशी एक मॅडम उभ्या होत्या. तो खाली उतरून माझ्याजवळ आला आणि दात आवळून म्हणाला, "हळू बोला ना भाऊ. मायबापायसमोर असं बोलून माह्यं पोट मारता काय? पोरं घरी सोडून येतो, मंग पाहा लागन तेवढं."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. थोड्या वेळापूर्वी दिगूभाऊने मला हेच सांगितलं होतं आणि ते मलाही पटलं होतं. म्हणून मी मोठ्याने बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चूक संतोषची नाही. गाडीचं काम मी केलंय, चुकीचं केलंय. पोरं उतरवा."

मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी पोरं उतरवली. सहा पोरं होती. ती भिंतीच्या सावलीत उभी राहून आमच्याकडे बघायला लागली. मी ड्रायव्हरच्या दाराचे स्क्रू काढायला बसलो. घाईत स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला.

संतोष बाजूला उभा होता. तो चिडून म्हणाला, "फुकट मेहनत करता, भाऊ. तुम्ही मले बोलू कुठं देलं? दारात काहीच नाही. कापूस मी मागंच काढला. स्पीकर घरघर करे, म्हून."

मी पॅनल ओढला. खरंच. दार रिकामं. लॉकची वायर क्लिपमध्ये नीट बसलेली, आणि तिच्यावर फ्यूज. मी टाकला होता. मी तिथेच जमिनीवर टेकलो. या अल्लाह, किती हलकं वाटलं ते काय सांगू. मागे पालक कुजबुजत होते, त्यांनी मला वेडा ठरवलं असणार, पण मला कशाचं काही वाटलं नाही.

काका मात्र खाली वाकून दाराकडे बघत होते. शेतकरी माणूस. त्यांनी विचारलं, "मंग तो कापूस टाकला कुठं?"

"टाकन कायले काका?" संतोष म्हणाला. "चांगला दोन किलो घरचा कापूस. सीटखाली घातला. या गाडीत बूड लय भाजते ना."

या व्हॅनचं इंजिन पुढे नाकात नसतं. ते पुढच्या सीटच्या खाली असतं.

मी उठलो. पुढची डावी सीट उचलली, जिच्यावर त्या दोन पोरी बसल्या होत्या. सीटच्या आणि इंजिनच्या झाकणाच्या मधे पिशवी पसरलेली होती. लाल दोरा, दुहेरी टाका. वरून ती मळकी होती, एवढंच. मी ती उलटी केली. खालची बाजू तव्यावर राहून गेलेल्या भाकरीसारखी झाली होती, तपकिरी, कडक, आणि एका कोपऱ्यात काळी. ऑइल पिऊन तो कोपरा चकाकत होता. बोट लावलं तर चटका बसला. गॅसकिटची नळी तिथून वीतभर अंतरावरून गेली होती.

 संतोषने दुसऱ्या सीटखालची पिशवी स्वतः ओढून काढली, रस्त्यावर फेकली आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसला.  "माह्यी पोरगी बसते त्या सीटवर," तो म्हणाला. दोन पोरींपैकी एक त्याची होती, हे मला तेव्हा कळलं.

पोरं काकांनी घरोघर सोडली, दोन फेऱ्या करून, त्या उघड्या दाराच्या गाडीतून. पोरांना मजा वाटली. दाराच्या आत काय काय असतं, ते काकांनी त्यांना सांगितलं म्हणे. मी तेवढ्या वेळात व्हॅनच्या सगळ्या वायरी तपासल्या, दोन बदलल्या, आणि सीटखालचं सगळं साफ केलं. एका पालकाने मला विचारलं की तुमच्यासारख्या माणसाने दुकान का चालवावं. मी वाकून पुढची वायर तपासायला घेतली. पण संतोषची व्हॅन पालकांनी बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमने स्वतः सीटखाली वाकून पाहिलं आणि पोरं बसवली.

परतताना काका पुन्हा चाळीसवर आले होते. नांदुरा जवळ आल्यावर ते म्हणाले, "कापूस भरला त भरला. तुले माहीत नव्हतं, मलेबी नव्हतं. पन मी म्हनलो माह्यी चूक, अन तू चहा पीत राह्यला."

"हो, काका."

"अर्धा तास मी मनात काकूची माफी मागत बसलो होतो."

 दुकान येईपर्यंत दार वाजत राहिलं.

त्यांच्या गाडीला मी नवे स्पीकर बसवले. डाव्या दारातली पिशवी भिजून सडलेली होती. काचेवरून पाणी दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, ती भोकं माझ्या कापसाने बुजली होती. डावा स्पीकर बोबडा झाला तो त्या गंजाने, उजवा मुका झाला तो जळक्या वायरीने. दार हा डबा नाही, एवढं शिकायला मला सात वर्षं लागली. डब्यात पाणी येत नाही, डब्यात काच फिरत नाही, आणि डब्याला मांडी टेकवून कोणी बसत नाही.

तेव्हापासून मी एक करतो. पॅनल लावायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो, आत काय काय घातलं, कोणत्या जागी, आणि खाली माझं नाव. दिगूभाऊ अजून हसतो. "आतलं लिहिलेलं कोन वाचन बे?" मी म्हणतो, जो उघडेल तो वाचेल. मग गिऱ्हाइकाला बोलावतो आणि उघडं दार बघायला लावतो. बहुतेकांना कंटाळा येतो. ते म्हणतात, तुमच्यावर भरोसा आहे, लावून टाका.

रामेश्वरकाका तसं म्हणाले नाहीत. चष्मा लावून, वाकून, टॉर्चने दोन्ही दारं आतून पाहिली. हात घालून चाचपलं. मग म्हणाले, "हं. आता लाव." आणि मी शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत बाजूलाच उभे राहिले. चहा त्यांनी मागवला नाही.